दाढ दुसऱ्याची, ठणका पोराला : गावाकडून पुण्यात गेलेल्या डेंटलच्या मुलांवर ताण येतो कुठून?

नारायण पेठ, पुणे : नीटचा निकाल लागला की आपल्या तालुक्यांत दोन प्रकारचे फ्लेक्स लागतात. एमबीबीएसला नंबर लागला त्याचा मोठा, आणि बीडीएसला लागला त्याचा जरा लहान. त्या लहान फ्लेक्सवरचं पोरगं पुढं पुण्यात जाऊन पाच वर्षं काय करतं, कशानं झोप उडवून घेतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पोरगं दाताचं डॉक्टर होतंय एवढीच माहिती घरात असते. मधेच पोरगं नापास झालं, घरी यायचं बंद झालं, नाहीतर एक दिवस म्हणालं की मला हे जमत नाही, की मग घर हादरतं.

म्हणून या वेळी या विषयाची नीट फोड करूया. ताण म्हणजे पोराचा नाजूकपणा, शहराची हवा लागली, मोबाईल जास्त झाला, अशी उत्तरं आपण पटकन देतो. डेंटलच्या बाबतीत ती बहुतेक चुकीची निघतात. ताण कुठून येतो त्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या मोजताही येतात. अमेरिकेत १९८० मध्ये गार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त दंत विद्यार्थ्यांच्या ताणासाठी एक प्रश्नावली तयार केली. तीच पुढं देशोदेशी, भारतातही वापरली गेली. देश बदलला तरी उत्तरं फार बदलत नाहीत. परीक्षा आणि मार्क, कामाचा ढीग, ठरवून दिलेल्या केसेस पूर्ण करणं, वेळेवर न येणारा पेशंट, सगळ्यांसमोर बोलणारे शिक्षक, आणि पैसा. भारतात त्यात आणखी एक भर पडते. नापास झालो तर आईबापाला तोंड कसं दाखवू, ही भीती.

पेठेत का राहतात

पुण्यात बीडीएसची कॉलेजं आहेत धनकवडीला भारती विद्यापीठाचं, पिंपरीला डी. वाय. पाटील यांचं, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं आणि कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला. नारायण पेठेत यातलं एकही नाही. बरीच मुलं कॉलेजच्या हॉस्टेलात किंवा तिथंच आसपास राहतात. पण हॉस्टेलचा खर्च झेपत नाही, किंवा मोठा भाऊ, चुलतबहीण आधीच पेठेत एमपीएससीला आहे, अशी काही मुलं पेठेत कॉट बेसिसवर राहतात. जुन्या वाड्यातली खोली, खाली मेस, कोपऱ्यावर अभ्यासिका आणि पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक चालत जाण्याइतका जवळ. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत संध्याकाळी फिरलं तर निम्मा महाराष्ट्र भेटतो.

पण इथं एक अडचण आहे. एमपीएससीच्या पोराचं सगळं काम पुस्तकावर चालतं. त्याला अभ्यासिकेतली एक खुर्ची मिळाली की भागतं. डेंटलच्या पोराचं तसं नाही. ते सकाळी अॅप्रन आणि हत्यारांची पेटी घेऊन बस पकडतं, दिवसभर कॉलेजात उभं राहतं, आणि संध्याकाळी बाकीचे ताजेतवाने होऊन वाचायला बसतात तेव्हा ते मान धरून परत येतं. अभ्यास तर त्यालाही आहेच. त्यामुळं एकाच खोलीतल्या दोघांत त्याचा दिवस कायम दोन तासांनी तोकडा पडतो.

दुसऱ्या पसंतीची खुर्ची

पहिला ताण कॉलेजात जायच्या आधीच सुरू होतो. २०२४ मध्ये देशात नीटला २४ लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं होतं. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या घरात. म्हणजे वीस-बावीस मुलांमागं एक. जे थोडक्यात हुकतात त्यांच्यासमोर पर्याय असतात ते बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नाहीतर आणखी एक वर्ष रिपीट. बीडीएस घेणारी बरीच मुलं ते हौसेनं घेत नाहीत. वय चाललंय, बापाचा पैसा चाललाय, म्हणून घेतात.

२००३ मध्ये भारतातल्या दंत विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दंतवैद्यक ही ज्यांची पहिली पसंती नव्हती त्या मुलांवर ताण जास्त, असं त्यात दिसलं. हे समजायला मोठ्या अभ्यासाचीही गरज नाही. पेरायचा होता कांदा आणि रोप न मिळाल्यानं लावला कोबी, तर शेतकऱ्याचं मन त्या रानात किती दिवस लागतं? त्यात गावात येणारा-जाणारा डिवचतो. डॉक्टर म्हणजे नुसता दाताचाच का? सुई टोचता येते का तुला? लग्नकार्यात चार माणसांत हे ऐकून घेतलेलं पोरगं पुढच्या कार्याला यायचं टाळतं.

खरी गोष्ट अशी की बीडीएस हा चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा पाच वर्षांचा पूर्ण कोर्स आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी, हे सगळं त्यांनाही आहे. आणि त्याच्या वर दातांचे स्वतंत्र विषय आहेतच. शेवटच्या वर्षाला तर आठ विषय एकदम येतात. त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचं तर आधी अभ्यासक्रम बघून म्हणावं.

मेण, प्लास्टर आणि एक मिलिमीटर

बारावीपर्यंत आपली मुलं पाठ करून आणि गोळे काळे करून पुढं येतात. नीट म्हणजे चारातला एक पर्याय निवडणं. डेंटलला गेल्यावर पहिल्याच वर्षी हातात येतो मेणाचा ठोकळा आणि कोरायची सुरी. त्यातून हुबेहूब दात कोरायचा. कुठला उंचवटा किती, कुठली खोबण कुठं, हे सरांच्या नजरेला उतरलं पाहिजे. नाही उतरलं की ठोकळा बाजूला आणि नवीन घ्या. दुसऱ्या वर्षी प्लास्टर, कवळीचे दात बसवणं, खोट्या जबड्यावर दात कोरून भरणं. सरावासाठी खरे काढलेले दात लागतात म्हणून पोरं दवाखान्या-दवाखान्यांत बरणी घेऊन फिरतात.

नीटला साडेपाचशे-सहाशे मार्क पाडलेलं पोरगं इथं पहिल्यांदा मागं पडतं. कारण हे काम हाताचं आहे, आणि हात तयार व्हायला सुताराच्या पोरालाही वर्षं लागतात. पण आपल्याला जमत नाही म्हणजे आपण मठ्ठ, असा अर्थ ते पोरगं काढतं.

तिसऱ्या वर्षी खऱ्या माणसाचं तोंड समोर येतं. खालच्या जबड्याला बधिर करायचं पहिलं इंजेक्शन देताना स्वतःचाच हात थरथरतो. दाढ कोरताना मिलिमीटरभर खोल गेलं तर नस उघडी पडते. कापलेला दात परत उगवत नाही. खुर्चीवर माणूस कळवळतोय, मागं मॅडम उभ्या आहेत, आणि घड्याळ पुढं चाललंय. शिवाय रक्त आणि लाळेशी रोजचा संबंध असल्यानं सुई टोचून घेण्याची भीती. त्यासाठीच काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी ची, लस घेतलेली असावी लागते. मान, पाठ आणि मनगटाचं दुखणं विशीतच चालू होतं, कारण दिवसभर वाकून एका बारक्या भोकात बघायचं असतं.

पेशंटचा कोटा : सगळ्यात मोठा ठणका

बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली मुख्य गोष्ट इथं आहे. डेंटलच्या मुलाला पास व्हायचं तर नुसती परीक्षा देऊन चालत नाही. प्रत्येक विभागात ठरलेल्या केसेस पूर्ण करून वहीवर सही घ्यावी लागते. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या जणांचे दात साफ केले, इतक्या कवळ्या केल्या. आकडा कॉलेजनुसार कमी-जास्त असतो, पण कोटा हा असतोच. आणि कोटा भरायला पेशंट लागतो.

पेशंट आणायचा कुठून? ओपीडीत येतात ते सगळ्या बॅचला पुरत नाहीत. मग मुलं स्वतः शोधतात. पुण्यातल्या मुलाचं बरं असतं. आजोबाची कवळी, आत्याची दाढ, सोसायटीचा वॉचमन, घरी कामाला येणाऱ्या मावशी, अशी यादी त्याच्याकडं तयार असते. इंदापूर, पुरंदर, जुन्नर, शिरूरकडून गेलेल्या पोराला पुण्यात ओळखतं कोण? रूममेट, मेसवाला आणि चहावाला. त्यांचे दात एकदा साफ करून झाले की यादी संपली. मग ते पेशंटच्या बसभाड्याचे, कधी केसपेपरचे, तर कधी उपचाराचेही पैसे खिशातून घालतं.

कवळीचं उदाहरण घ्या. पूर्ण कवळी करायला पेशंटनं पाच-सहा वेळा यावं लागतं. आधी साधं माप, मग बारीक माप, मग वरचा-खालचा जबडा जुळवणं, मग मेणावर दात लावून बघणं, मग कवळी देणं, आणि नंतर टोचतंय का ते तपासणं. कवळी लागते म्हाताऱ्या माणसाला. तो चौथ्या वेळेला आलाच नाही, आजारी पडला, लेकीकडं गेला, तर मागची सगळी मेहनत पाण्यात. सही नाही. दुसरा म्हातारा शोधा आणि पहिल्या मापापासून सुरुवात करा.

ऊस उत्पादकाला हे लगेच समजेल. ऊस उभा आहे, तोडीची तारीख गेलीय, टोळी येतो-येतो म्हणते आणि येत नाही. वजन आपलं घटतं, दोष आपलाच निघतो. डेंटलच्या पोराचं तसंच आहे. काम त्याचं, पण वेळ दुसऱ्याच्या हातात. माणसाला खरा ताण कष्टाचा येत नाही, आपल्या हातात काहीच नसण्याचा येतो.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. पुण्यात पोरगं पेशंट शोधत फिरतंय, आणि इकडं आपल्या गावात किडक्या दाढा घेऊन माणसं बसलीत. मिसरी लावणाऱ्या आया-बाया, तंबाखू मळणारे बाप्ये, गुटख्यानं तोंड पूर्ण उघडत नाही अशी तरणी पोरं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या कुठं मिळतात हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दाढ ठणकायला लागली की आपण लवंग दाबतो, मेडिकलमधून गोळी घेतो, आणि अगदीच सहन होईना तेव्हा जाऊन उपटून येतो. म्हणजे एकीकडं पेशंट नाही म्हणून पोरगं रडकुंडीला, दुसरीकडं डॉक्टर परवडत नाही म्हणून माणूस दाढ धरून. मधे फक्त पन्नास-शंभर किलोमीटरचा रस्ता आणि माहितीचा अभाव.

पैशाचं गणित

राज्यात बीडीएसची सरकारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि मुंबईतच महापालिकेचं नायर. पुण्यातली वर सांगितलेली चारही कॉलेजं एकतर खासगी किंवा अभिमत विद्यापीठाची. म्हणजे सरकारी जागा हुकली आणि पुण्यातच राहायचं ठरलं, की फी लाखांत गेली.

समजा वर्षाची फी तीन लाख धरली. एकरी चाळीस टन ऊस आणि टनाला तीन हजार धरले तर एकराचे एक लाख वीस हजार होतात. त्यातून बेणं, खत, पाणी, मजुरी गेली की निम्मेही हातात राहतील याची खात्री नाही. म्हणजे पाच-सहा एकर ऊस नुसता एका पोराच्या फीसाठी उभा पाहिजे. खोलीभाडं आणि मेस वेगळी. आणि डेंटलचा आणखी एक खर्च असतो जो प्रवेशाच्या वेळी कोणी नीट सांगत नाही, तो म्हणजे हत्यारं आणि सामान. दर वर्षी नवीन यादी हातात येते. चिमटे, आरसे, मापं घ्यायचे ट्रे, दात कोरायचं मशीन, मेण, प्लास्टर. हरवलं, तुटलं की परत घ्या. पोरगं हे पैसे मागताना चाचरतं. घरी कांद्याचे भाव पडल्याची बातमी त्यानं मोबाईलवर आधीच वाचलेली असते.

यावर सरकारी योजना आहेत, पण त्यातल्या खाचाखोचा प्रवेशाआधी कळल्या पाहिजेत.

मुलींसाठी : २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि अभिमत विद्यापीठालाही नाही. पुण्यात कॉलेज निवडताना या एका ओळीनं लाखोंचा फरक पडतो. आणि माफी फीची आहे, हत्यारांची आणि खोलीची नाही.

राहण्यासाठी : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. सातबारावर दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर दाखला काढून ठेवा.

फीसाठी : राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती-जमातीसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर. पैसा मात्र वेळेवर येईलच असं धरून चालू नका. तो रखडला की कॉलेजच्या ऑफिसात पोराला हेलपाटे घालावे लागतात, आणि तोही एक ताणच असतो.

कर्जासाठी : शैक्षणिक कर्ज बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. हप्ता शिक्षण झाल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे सही करायच्या आधी समजून घ्या.

भाषा आणि बोलणं

नीट मराठीतून देता येते. बीडीएस मराठीतून होत नाही. पुस्तकं, वर्ग, जर्नल, तोंडी परीक्षा सगळं इंग्रजीत. झेडपीच्या शाळेतून आलेल्या पोराला उत्तर माहीत असतं, पण समोर बाहेरचे परीक्षक बसले की वाक्य जुळत नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे पन्नास टक्के लागतात. एकात साठ आणि एकात पंचेचाळीस पडले तर सरासरी काढून पास करत नाहीत.

इथं गावाकडच्या पोराची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. पेशंट मराठी बोलतो. घाबरलेल्या म्हातारीला आजी म्हणून हात धरून खुर्चीत बसवणं या पोरांना आपोआप जमतं. शहरातल्या पोराला ते शिकावं लागतं. पण या गुणाला वहीत मार्कांचा रकाना नसतो.

शिक्षकांच्या बोलण्याचा विषय नाजूक आहे. चांगले शिक्षक सगळीकडं आहेत. दुसऱ्याच्या तोंडात हत्यार घालायचं काम आहे, तिथं कडक राहावंच लागतं. पण चूक दाखवणं वेगळं आणि पेशंटसमोर पोराची लाज काढणं वेगळं. पेशंटचा विश्वास गेला की तो उठून जातो, केस जाते, सही जाते. मोठ्या मुलांकडून त्रास होत असेल तर राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे.

शिकून झालं, पुढं काय

चौथ्या वर्षाच्या पोराला झोप लागत नाही ती नुसत्या आठ विषयांमुळं नाही, पुढच्या अंधारामुळंही. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत आणि दर वर्षी पंचवीस हजारांहून जास्त मुलांना प्रवेश मिळतो. पुढच्या एमडीएसच्या जागा मात्र सहा हजारांच्या आसपास. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राबायचं, नाहीतर स्वतःचं क्लिनिक टाकायचं. दाताची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, गाळा, सगळं मिळून परत लाखांचं काम. सरकारी नोकरी म्हणावी तर दंतवैद्याचं पद ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालयात असतं. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा नसतं.

डेंटलला मुलींची संख्या जास्त आहे. त्यांच्यावर एक ओझं जादा असतं. इंटर्नशिप सुरू झाली की घरात स्थळं यायला लागतात. क्लिनिक माहेरच्या गावात टाकावं की सासर ठरेपर्यंत थांबावं, एमडीएसची तयारी करावी की नाही, हे तिचं तिला ठरवता येत नाही. पाच वर्षं हात तयार केलेल्या मुलीचे हात लग्नानंतर दोन-तीन वर्षं रिकामे राहिले तर तिचं नुकसान काय होतं, हे सासरच्या बैठकीत कुणी विचारत नाही.

कायद्यातही बदल चालू आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. शेवटच्या वर्षानंतर देशभर एकच परीक्षा, तिच्यावरच डॉक्टरकीचा परवाना आणि एमडीएसचा प्रवेश, अशी तरतूद त्यात आहे. खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागांच्या फीबाबत आयोगानं मार्गदर्शक सूचना काढायच्या, अशीही तरतूद आहे. पहिली तरतूद मुलांचा घोर वाढवणारी, दुसरी बापाचा कमी करू शकणारी. कुठली आधी आणि कशी लागू होते यावर लक्ष ठेवावं लागेल.

आकडे काय सांगतात, कोर्ट काय म्हणालं

डेंटलच्या मुलांचा वेगळा सरकारी हिशेब लोकांसमोर येत नाही. पण एमबीबीएसच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएस विद्यार्थ्यांनी ऑनलाईन उत्तरं दिली, आणि २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचा त्रास असल्याचं सांगितलं. चारात एकाहून जास्त. ज्यांना पहिल्या पसंतीचं मिळालं त्यांची ही गत असेल, तर दुसऱ्या पसंतीवर बसलेल्यांची सहज कल्पना येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आपण बोलायला शिकलो, पण पोरांच्या बाबतीत अजूनही कुजबूजच करतो.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून तुकड्या पाडू नका, मुलांचा चारचौघांत अपमान करू नका, हेल्पलाईनचे नंबर हॉस्टेलात आणि वर्गांत ठळक लावा, असं त्यात आहे. कायदा होईपर्यंत हे सगळ्यांना बंधनकारक आहे. म्हणजे प्रवेश घेताना समुपदेशक कोण आहे, कुठं बसतो, हे विचारणं हा पालकाचा हक्क झाला. फीची पावती मागतो तसंच हेही मागायचं.

गावानं आणि घरानं काय करावं

पहिलं, प्रवेशाआधी पोराला एकट्याला विचारा. शेजाऱ्यांसमोर नको, फ्लेक्स छापायच्या आधी. तुला दाताचं काम करायचं आहे का? जमल्यास तालुक्यातल्या एखाद्या दंतवैद्याकडं त्याला चार दिवस नुसतं बघायला बसवा. रक्त आणि लाळ बघून नको वाटलं तर तेव्हाच कळू द्या. प्रवेश सोडण्याची शेवटची तारीख, दंड आणि फी परतीचे नियम आधी वाचा.

दुसरं, खर्चाची यादी आधी मागा. कॉलेजात सीनियर मुलं असतात, त्यांच्याकडून चार वर्षांच्या हत्यारांची यादी घ्या. जुनी हत्यारंही चांगली मिळतात.

तिसरं, गाव पेशंट होऊ शकतं. दंत महाविद्यालयांच्या दवाखान्यात उपचार शिक्षकांच्या देखरेखीखाली होतात आणि बाहेरच्या मानानं स्वस्त पडतात. वेळ जास्त लागतो हे खरं. पण पुण्याला मार्केट यार्डात माल घेऊन जाताना, कोर्टाच्या तारखेला जाताना, गावातल्या पोराला आधी फोन करून दाढ दाखवायला काय हरकत आहे? आजोबाची कवळी करायची असेल तर पाचही वेळा त्यांना वेळेवर पोचवायची जबाबदारी घराची. ग्रामपंचायतीनं कॉलेजच्या सामाजिक दंतआरोग्य विभागाला पत्र दिलं तर शिबिरंही होतात. त्यात दाढ गावाची बरी होते आणि सही पोराला मिळते.

चौथं, एखादा विषय राहिला म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. एक विषय राहिला तर पुढच्या वर्गात बसता येतं, तो विषय पुढच्या परीक्षेआधी सोडवावा लागतो. हे पालकाला माहीत असेल तर फोनवरचा आवाज आपोआप खाली येतो.

पाचवं, खुणा ओळखा. फोन तोडकेमोडके होणं, सणाला घरी न येणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, सारखं डोकं किंवा पोट दुखणं, जेवण सुटणं, माझ्यामुळं तुमचा पैसा वाया गेला असं बोलणं. अशा वेळी समजावत बसू नका, एसटी पकडून पेठेत जा. खोलीवर थांबा, मेसमध्ये त्याच्याबरोबर जेवा, आणि गरज वाटली तर सोबत डॉक्टरकडं जा. दाढ दुखली तर दाताच्या डॉक्टरकडं जातो, मन दुखलं तर मनाच्या डॉक्टरकडं जायचं, यात लाज कसली.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. हा नंबर पोराच्या मोबाईलमध्येही हवा आणि तुमच्याही, कारण घोर दोन्हीकडं असतो.

आणि आज संध्याकाळी पोराला फोन कराल तेव्हा मार्कांचं राहू द्या. आज किती पेशंट आले, एवढंच विचारा. पुढचं ते स्वतःच सांगेल.